काय उजेड पाडलास?

मित्रांनो (आणि मैत्रिणींनो, नाहीतर आमच्या लेडीज हॉस्टेलवर माझं बोलणं बंद होईल!), एक गोष्ट आधीच कबूल करते. माझं शिक्षण पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालंय. मराठीचा तास म्हणजे आमच्यासाठी डबा खाऊन झाल्यावरची हक्काची झोप. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर संपादक मंडळाला धरा, मला नको. दुसरी गोष्ट, माझं गाव कन्नड. कर्नाटकवालं नव्हे हो, आपलं, संभाजीनगर जिल्ह्यातलं, पितळखोऱ्याची लेणी ज्या तालुक्यात आहेत ते. फर्स्ट इयरला मुंबईच्या एका मुलीने मला अगदी कौतुकाने विचारलं होतं, "तू कन्नड असून मराठी इतकं छान कसं बोलतेस?"

असो. मला आज बोलायचंय ते उजेडाबद्दल. माणसाचा फोटो काढताना त्याच्या चेहऱ्यावर जो उजेड पडतो त्याबद्दल, आणि तो उजेड हॉस्टेलच्या खोलीत, भंगारातल्या सामानातून बनवता येतो त्याबद्दल. कसा बनवायचा ते पुढे सांगतेच. आधी कशासाठी ते सांगते, कारण आपल्यापैकी निम्मे जण इथेच म्हणतील, "मोबाईलमध्ये पोर्ट्रेट मोड आहे ना, मग एवढा उपद्व्याप कशाला?"

२०२३ साली दिवाळीनंतर माझे आजोबा गेले. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. ऐंशी ओलांडलेले, जन्मभर मका आणि अद्रक केलेला माणूस. रंग सावळा वगैरे नव्हे, चांगला काळा. मी त्यांच्यावरच गेलेय. दहाव्याच्या आत हार घालायला फोटो पाहिजे म्हणून शोधाशोध सुरू झाली, तेव्हा लक्षात आलं की घरात सात मोबाईल आहेत, हजारो फोटो आहेत, पण आबांचा एकट्याचा असा एकही धड फोटो नाही. होते ते असे : काकाच्या लग्नात मागच्या रांगेत अर्धं तोंड, ट्रॅक्टरच्या पूजेला फ्लॅशमुळे मिटलेले डोळे, आणि ओळखपत्रावरचा तो, ज्यात आपण सगळेच फरार आरोपी दिसतो. शेवटी काका तोच घेऊन एका स्टुडिओत गेला. दोन तासांत फ्रेम तयार! मागे निळं आकाश, डोक्यावर कोणाचा तरी गुलाबी फेटा, आणि मधे आबा. गोरेपान. गालावर एक सुरकुती नाही.

आजीने फ्रेम हातात घेतली, पदराने काच पुसली, बराच वेळ बघितली आणि म्हणाली, "हे ते नाहीत."

बस्स, एवढंच. फ्रेम भिंतीवर लागली, हारही पडला, कारण दुसरं काही नव्हतंच. पण पाहुणे निघून गेल्यावरही आजी त्या भिंतीकडे बघत नाही, हे हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं.

स्टुडिओवाल्याला मी दोष देत नाही. त्याच्या हातात आलं होतं ते नखाएवढं चित्र. त्यात माहितीच नव्हती, मग त्याने ती मनाने भरली. आपल्या भाषेत सांगायचं तर इनपुटलाच सिग्नल नव्हता. शिवाय गिऱ्हाईक येऊन मागतंच तसं, "जरा उजळ करा हो." मी स्वतः मागितलंय. बारावीच्या फॉर्मसाठी फोटो काढायला गेले तेव्हा काउंटरवर उभं राहून हळू आवाजात मागितलंय. आता हेच काम ए.आय. करतं, आणखी झकास करतं, जुन्या धुरकट फोटोतून डोळ्यांच्या पापण्यासुद्धा मोजता येतील असा चेहरा काढून देतं. फक्त त्या पापण्या त्या माणसाच्या नसतात. मशीनने लाखो चेहरे पाहिलेत, त्यातलं काहीतरी चिकटवून दिलं. आबांच्या फेट्यासारखंच झालं की ते!

माझं म्हणणं असं आहे की चेहरा उजळ करणं आणि चेहऱ्यावर उजेड पाडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण पहिली करतो कारण दुसरी करायचा आळस. हा घोटाळा फक्त आपल्याकडचा आहे असंही नाही. फिल्मच्या जमान्यात कोडॅक कंपनी फोटो लॅबना रंग जुळवण्यासाठी एक नमुन्याचं कार्ड पाठवायची. त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो असायचा. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्याला 'शर्ली कार्ड' म्हणायचे. तिची कातडी नीट आली की मशीन बरोबर, असा हिशोब! मग काळ्या माणसाच्या चेहऱ्याचं काय? त्याचे दात आणि डोळे यायचे, बाकी अंधार. आणि कंपनीने त्यात सुधारणा केली ती कशामुळे, तर चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्यांनी तक्रारी केल्या की आमच्या जाहिरातीत तपकिरी रंगातले फरक दिसत नाहीत. माणसांच्या आधी टेबल-खुर्च्यांची दखल! हे वाचलं त्या रात्री मी मेसमध्ये जेवले नाही. (भाजी दोडक्याची होती हेही एक कारण.)

आता मोबाईलचा मुद्दा. पोर्ट्रेट मोड काय करतो? मागचं धूसर करतो. उजेड जिथून येतोय तिथूनच येत राहतो. आपल्या खोलीत तो येतो डोक्यावरच्या ट्यूबमधून, म्हणून डोळ्यांच्या जागी दोन खड्डे. फ्लॅश लावला तर तो लेन्सच्या शेजारूनच सरळ नाकावर आदळतो, सावली चेहऱ्याच्या मागे लपते आणि चेहरा पोळपाटासारखा सपाट होतो. त्यात पाठीमागे पांढरी भिंत असली की मोबाईल भिंतीचा उजेड मोजतो, म्हणतो, अरे फार उजेड झाला, आणि सगळंच काळवंडून टाकतो. गोरा चेहरा त्यातूनही कसाबसा वाचतो. आमच्यासारख्यांचा वाचत नाही. काळी कातडी उजेड कमी परतवते, पण ती चकाकते सुंदर. कपाळ, गालाचं हाड, नाकाची कड, या जागांवर मोठ्या पसरट दिव्याचं प्रतिबिंब पडलं की चेहऱ्याचा सगळा घाट दिसायला लागतो. म्हणजे भडक दिवा नको, मोठा पाहिजे, आणि समोरून नको, बाजूने पाहिजे.

रिंग लाईटबद्दल एक वाक्य बोलते आणि सोडते. तो लेन्सभोवतीच बसतो, म्हणजे फ्लॅशचाच गोल भाऊ.

तर मी ठरवलं, दिवा बनवायचा. आजीचा फोटो काढायचा, आणि तो आजी असतानाच काढायचा.

पहिला प्रयोग पूर्ण फसला, तो प्रामाणिकपणे सांगते. मागच्या उन्हाळी सुट्टीत आमच्या गावच्या एका मंडपवाल्या ओळखीच्यांकडून ५०० वॅटचा जुना हॅलोजन आणला. खर्च शून्य. त्याच्यापुढे बटर पेपर लावला की उजेड मऊ होतो असं कुठेतरी वाचलं होतं. पेपर लावला, दिवा लावला आणि आजीला ओसरीत खुर्चीवर बसवलं. पहिल्या मिनिटाला आजी घामाघूम. दुसऱ्या मिनिटाला पेपर मधोमध तपकिरी. तिसऱ्या मिनिटाला धूर! बाबा धावत आले, मेन स्विच पाडला, आणि अंधारातून त्यांचा आवाज आला, "इंजिनीअरिंगला घातलं तुला. काय उजेड पाडलास?"

(लेखाचं शीर्षक त्यांच्याकडून साभार.)

त्याच सुट्टीत बाबांना चाळीसगावला काम होतं म्हणून मी सोबत गेले. कन्नडवाल्यांना चाळीसगाव म्हणजे घाट उतरून खाली, औट्रम घाट. खानदेशची सुरुवात. तिथे रेल्वे स्टेशनजवळ केकी मूस नावाच्या फोटोग्राफरचं घर आहे, आता ते कलादालन आहे. मूस यांचा जन्म १९१२ चा, मुंबईचं पारशी कुटुंब. विलायतेला जाऊन कला शिकून आले आणि चाळीसगावात जे राहिले ते १९८९ साली जाईपर्यंत. जवळजवळ पन्नास वर्षं ते घराबाहेर फारसे पडलेच नाहीत. आमच्याकडे सगळ्यांना त्यांची प्रेमकहाणी पाठ आहे : मुंबईहून कोणीतरी येणार होतं, ते आलंच नाही, आणि हा माणूस रोज रात्री पंजाब मेल येईपर्यंत घरातले दिवे लावून वाट बघत बसायचा, अशी ती सांगतात. कहाणी छान आहे, रडू येतं. पण मला राग असा येतो की पंजाब मेलच्या वेळी लागणाऱ्या दिव्यांबद्दल सगळे बोलतात, आणि फोटो काढताना लागणाऱ्या दिव्यांबद्दल कोणीच विचारत नाही!

कारण हा माणूस टेबल-टॉप फोटोग्राफीसाठी प्रसिद्ध होता. टेबल-टॉप म्हणजे टेबलावर घरातल्याच साध्यासुध्या वस्तू मांडायच्या आणि त्यातून असं दृश्य उभं करायचं की बघणाऱ्याला वाटावं हा खराखुरा डोंगर आहे, खरीखुरी रात्र आहे. म्हणजे खेळ सगळा उजेडाचा. दिवा चार बोटं इकडे सरकला की डोंगराचा पुन्हा टोमॅटो! घराबाहेर न पडता त्यांनी जगभरची बक्षिसं मिळवली ती अशा कामावर, आणि पोर्ट्रेटवर. त्या भिंतींवरची माणसं बघताना मला पहिल्यांदा कळलं की सुरकुती ही लपवायची गोष्ट नाही, उजेड बाजूने आला तर ती रेघेसारखी काम करते.

आणि या माणसाने आपल्या बंगल्याला नाव काय दिलं होतं? 'रेम्ब्राँट्स रिट्रीट'. कॉन्व्हेंटमध्ये शिकूनही रेम्ब्राँट म्हणजे टूथपेस्ट असेल असं मला वाटलं असतं. परत येताना बसमध्ये शोधलं. सतराव्या शतकातला हॉलंडचा चित्रकार, १६०६ ते १६६९. त्याच्या चित्रांत चेहऱ्यावर उजेड एकाच बाजूने, थोडा वरून येतो. एक बाजू उजळते, दुसरी अंधारात जाते, आणि अंधाराकडच्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा एक छोटा त्रिकोण उरतो. फोटोग्राफर लोक आजही त्याला 'रेम्ब्राँट लायटिंग' म्हणतात. एक दिवा पुरतो त्याला. एकच! मी उगाच तीन दिव्यांचे आराखडे काढत बसले होते.

गंमत म्हणजे हे आमच्या घरात होतंच. आमचं जुनं घर धाब्याचं, मातीच्या छताचं. त्याला वर एक भोक असतं, सानं म्हणतात. दुपारी त्यातून उन्हाचा खांब आत उतरतो, पांढऱ्या मातीच्या भिंतीवर आपटून पसरतो आणि आजी त्या उजेडात तांदूळ निवडते. आणि जवळचंच बघायचं तर आपली लेणी. वेरूळ-अजिंठ्याला दाराशी आरसा किंवा चकचकीत पत्रा धरून ऊन आतल्या अंधारात फेकायची युक्ती गाइड लोक कित्येक वर्षं करत आलेत, आत कोणी पांढरं कापड धरलं की तोच उजेड मऊ होऊन चेहऱ्यांवर पसरतो. याला आपण आज रिफ्लेक्टर म्हणतो आणि ऑनलाइन मागवतो. (अजिंठ्याच्या चित्रांवर फ्लॅश मारायला बंदी आहे. मला तर वाटतं माणसांवरही घालावी.)

थर्ड इयर सुरू झालं आणि हॉस्टेलवर दुसरा प्रयोग. यावेळी ९ वॅटचे सहा एलईडी बल्ब, ७० रुपयाला एक. सहा होल्डर, प्रत्येकी २०. वायर, थ्री-पिन आणि बटण मिळून १००. एकूण ६४० रुपये. प्लायचा तुकडा वर्कशॉपच्या भंगारातून (सरांना विचारून घेतला होता, उगाच चौकशी नको), पुठ्ठ्याचं मोठं खोकं मेसच्या मागून, आणि पीव्हीसीचा पाइप नवीन बाथरूमच्या कामातून उरलेला. मी मेकॅनिकलची. होल्डर मोठ्या ऐटीत एकामागून एक जोडत गेले आणि बटण दाबलं. सहा बल्ब भुतासारखे लुकलुकायला लागले. इलेक्ट्रिकलची मैत्रीण दारात उभी राहून एवढी हसली की शेजारच्या खोलीतल्या पोरी गोळा झाल्या. सिरीजमध्ये जोडले होते! प्रत्येकाला २३० व्होल्ट पाहिजेत आणि मी सहा जणांत वाटून देत होते. पॅरलल केले आणि खोलीत दिवस उगवला.

९ वॅटचा एक बल्ब साधारण ९०० लुमेन देतो, म्हणजे सहा मिळून ५४०० च्या आसपास. हे पुष्कळ झालं. खोक्याला आतून मेसमधली पोळ्या गुंडाळायची अ‍ॅल्युमिनियम फॉइल चिकटवली, मागे हवा खेळायला भोकं पाडली, कारण एलईडीसुद्धा तापतो, आणि पुढे पांढरं कापड ताणलं. कापड बल्बपासून वीतभर लांब. हॅलोजनवाली चूक एकदाच करायची असते. स्टँडसाठी पाइप रंगाच्या रिकाम्या डब्यात उभा केला आणि डब्यात वाळू भरली. ज्यांना लोखंडी फ्रेम करायची असेल त्यांनी अर्थिंग केल्याशिवाय हात लावू नये, हे मी नाही, इलेक्ट्रिकलवाली सांगते.

यात समजून घ्यायच्या गोष्टी दोनच, आणि दोन्ही आपल्याला बारावीलाच शिकवल्यात, पण कोणी सांगितलं नाही की त्या आजीच्या फोटोला लागतात. एक, अंतर. दिवा एक मीटरवरून दोन मीटरवर नेला की उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. म्हणून दिवा जवळ घेतला तर चेहरा उजळतो आणि मागची भिंत आपोआप अंधारात जाते, हॉस्टेलची ती पोपडे आलेली भिंतसुद्धा राजवाड्यासारखी दिसते. दोन, दिव्याचा आकार, म्हणजे चेहऱ्याकडून बघितलं तर तो केवढा दिसतो ते. सूर्य राक्षसासारखा मोठा आहे, पण इतका लांब की आभाळात अर्ध्या अंशाचा ठिपका. म्हणून दुपारी बाराची सावली सुरीने कापल्यासारखी. ढग आले की सगळं आभाळच दिवा होतं आणि सावली विरघळते. आपलं दोन फुटांचं खोकं चेहऱ्यापासून तीन फुटांवर ठेवलं की ते त्या चेहऱ्यापुरतं ढगाळ आभाळ झालं. विषय संपला.

बाकी बारीकसारीक अनुभवाने कळतं. खोलीतली ट्यूब बंद करा, नाहीतर अर्धा चेहरा पिवळा आणि अर्धा हिरवट. सगळे बल्ब एकाच रंगाचे घ्या, ३००० केल्विनचे आणि ६५०० चे मिसळू नका. खोक्यावर सीआरआय ९० लिहिलेला बल्ब मिळाला तर चार पैसे जास्त देऊन घ्या. स्वस्त एलईडीत लाल रंग कमी असतो आणि आपली तपकिरी कातडी त्यात राख फासल्यासारखी दिसते, मग आपण म्हणतो रंगच तसा. मोबाईलच्या पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर घाबरू नका. आपली वीज ५० हर्ट्झची, स्वस्त बल्ब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवलं की पट्टे जातात. आणि अंधाराच्या बाजूने फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोलचा तुकडा उभा करा. तो फुकट मिळणारा दुसरा दिवा.

आता जरा गंभीर. हे सगळं चालू असताना एका रात्री आमच्या मजल्याचा एमसीबी पडला आणि माझा दिवा जप्त झाला. नियम आहे, खोलीत विजेचं उपकरण चालणार नाही. नियमाशी माझं भांडण नाही. पाणी तापवायचा रॉड १००० ते १५०० वॅटचा असतो, चार खोल्यांत एकदम लागला तर वायरिंगचं काय होतं ते आम्हालाही शिकवतात. पण माझा दिवा ५४ वॅटचा आहे. डोक्यावरचा जुना पंखा ७५ खातो! मी मॅडमना आकडे लिहून दिले, त्यांनी वाचले, दिवा परत दिला. (एमसीबी कोणाच्या रॉडने पडला हे मला माहीत आहे, पण मी कोणाचं नाव घेणार नाही. शनिवारची कॉफी चालेल.) माझं म्हणणं एवढंच की नियम वॅटवर लिहावा. 'उपकरण' या शब्दावर लिहिला की रॉड लपून चालत राहतो आणि प्रोजेक्ट पकडला जातो.

आणि आपण इंजिनीअरिंगचे विद्यार्थी तयार वस्तू मागवण्यात इतके तरबेज झालोय की मिनी प्रोजेक्टसुद्धा बाजारातून येतो, हे काय लपून आहे? कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांकडे बघा. सिनेमा काढायचा तर कॅमेरा पाहिजे, आणि विलायती कॅमेरा परवडत नाही. मग त्यांनी आणि चुलतभाऊ आनंदरावांनी तो स्वतःच बनवायला घेतला. १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी काम सोडलं नाही, पुढे दामल्यांना सोबत घेऊन कॅमेरा तयार केलाच, आणि १९२० साली 'सैरंध्री' आला. ही माणसं मुळात पडदे रंगवणारी, डिग्री कोणाकडे होती? आपल्याकडे लेथ आहे, वर्कशॉप आहे, सोल्डरिंग गन आहे, आणि आपण पुठ्ठ्याच्या खोक्याला लाजतो.

माझी एक मागणी आहे, छापून आली तर बरं. आपल्या कॉलेजात दरवर्षी वर्गांचे ग्रुप फोटो निघतात, भर दुपारी, पायऱ्यांवर, सगळ्यांचे डोळे बारीक. त्यात मेसमधल्या मावशी नसतात, रात्रीचे वॉचमन काका नसतात, लॅबमधले मामा कडेला अर्धे कापलेले असतात. वर्षातून एक दिवस ड्रॉइंग हॉलची एक भिंत आम्हाला द्या. खोकं, पाइप, वाळूचा डबा आम्ही आणू. प्रत्येकाचा एकट्याचा एक फोटो काढू आणि कागदावर छापून हातात देऊ. मोबाईलवर पाठवलेले फोटो मोबाईलसोबत जातात, हे आम्ही आबांच्या वेळी बघितलंय. सेमिनारच्या एका चहापाण्याएवढा खर्च होईल, फार तर.

मागच्या सुट्टीत दिवा एसटीने कन्नडला नेला. कंडक्टरने खोक्याचं अर्धं तिकीट मागितलं! धक्क्यात पुढचं कापड फाटलं. घरी पोचले तर पांढरं कापड कुठेच मिळेना, तेव्हा आजी उठली आणि तिच्या पेटीतून आबांचं धोतर काढून दिलं. दोन घड्या करून ते ताणलं. उत्तम बसलं. जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड, यासाठी याहून चांगलं काही नाही.

"कशाला महा फोटो काढती मायं, ह्या थोबाडाचा?" आजी म्हणाली, पण तोवर तिने लुगडं बदललं होतं. दिवा तिच्या डाव्या बाजूला, डोळ्यांच्या थोडा वर. थर्माकोल बाबांनी धरला, काही न बोलता. मी चाळीस फोटो काढले. पहिल्या तीसमध्ये ती वर्गणी मागायला आल्यासारखी बसली होती. मग तिला विचारलं की अद्रकाला यंदा भाव काय, आणि ती भडकली, आणि एकतिसावा फोटो आला.

शहरात जाऊन बारा बाय अठराचा छापून आणला. तिने चष्मा लावला. बराच वेळ काही बोलली नाही. मग हनुवटीवर बोट ठेवलं, आधी फोटोतल्या, मग स्वतःच्या. तिच्या हनुवटीवर गोंदण आहे, तीन ठिपके. आजवरच्या एकाही फोटोत ते कधी आलं नव्हतं, फ्लॅश ते पुसून टाकायचा. "हे माहेरचं," ती म्हणाली, "नऊ वर्साची होते." हे मला माहीत नव्हतं. बाबांनाही नव्हतं. मग ती रात्री जेवणं होईपर्यंत माहेराबद्दलच बोलत राहिली.

फोटो तिने भिंतीला लावू दिला नाही. पेटीत ठेवलाय, धोतरासोबत.

दिवा सध्या माझ्याकडेच आहे. लेडीज हॉस्टेल, दुसरा मजला, जिन्यासमोरची खोली. ज्याला हवा त्याने न्यावा, मुलांनी गेटवर रजिस्टरमध्ये सही करून न्यावा. रात्री दहाच्या आत परत पाहिजे. बल्ब फुटला तर ७० रुपये, आणि वाळू सांडू नका, परत भरायला मलाच जावं लागतं.